केमिकल लोच्याचं मूळ

'लगे रहो मुन्नाभाई' २००६ साली आला आणि आपल्या मेंदूत रसायनं असतात ही बातमी त्याने शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोहोचवली. 'केमिकल लोचा' हा शब्द तेव्हापासून कट्ट्यावर रुळला. आता त्याची जागा डोपामिनने घेतली आहे. रील बघितलं की डोपामिन, पाणीपुरी खाल्ली की डोपामिन, फोन बाजूला ठेवला की 'डोपामिन डिटॉक्स'. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो कायमच आपल्या बोलण्यात होता असं वाटावं.

प्रत्यक्षात १९५० साली हे रसायन मोजक्याच रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं, आणि त्यांच्याही लेखी डोपामिन म्हणजे दुसरं रसायन तयार होतानाचा मधला टप्पा, बस. मेंदूत एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप कसा देते, यावरच तेव्हा भांडण होतं. एक गट म्हणायचा, विजेने. दुसरा म्हणायचा, रसायनाने. शरीरातल्या इतर मज्जातंतूंबाबत रसायनाची बाजू सिद्ध करणाऱ्या हेन्री डेल आणि ऑटो लोवी यांना १९३६ सालीच नोबेल मिळालं होतं, पण मेंदूचा निकाल लागायचा होता. विजेच्या बाजूचे बिनीचे शिलेदार जॉन एकल्स यांनी १९५१ मध्ये स्वतःच्याच प्रयोगानंतर मत बदललं.

पुढच्या दहा वर्षांत मेंदूचं रसायनशास्त्र उभं राहिलं आणि त्याचा एक मोठा धागा एका झुडपाच्या मुळाशी जातो. ते झुडूप आपल्याकडचं. त्या मुळाची पद्धतशीर परीक्षा घेऊन ते जगाच्या नजरेला आणणारा डॉक्टर मुंबईचा. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव विटा. बायोलॉजीशी माझा संबंध बारावीलाच तुटला. तरी या गोष्टीत मी का शिरलो, ते ओघात येईलच.

'पागल की दवा'

सर्पगंधा. बिहारमध्ये हिचं मूळ 'पागल की दवा' या नावानेच विकलं जायचं. वैद्यांना ते माहीत होतं, गावातल्या जाणत्यांनाही माहीत होतं. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून काही शुद्ध रसायनं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन असं नाव दिलं. म्हणजे माहिती होती, रसायनंही हाती येत होती. पण बाहेरचं जग विश्वास ठेवेल असा आकड्यांतला पुरावा फारसा नव्हता.

तो दिला डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. लंडनमध्ये शिकून आलेले हृदयरोगतज्ज्ञ, परळच्या केईएम रुग्णालयात काम करणारे. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेतली, औषधाआधीचे आणि नंतरचे आकडे नोंदवले आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. काल झोपताना किती होतं, आज किती, चार आठवड्यांनी किती, अशी सगळी कंटाळवाणी वाटणारी नोंदवही. पण तीच नोंदवही बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचली आणि स्वतःच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली. रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रुग्ण शांत होत होते. गुंगी यावी तसे नव्हे, तर जीव निवल्यासारखे.

दरम्यान स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सीबा या कंपनीत मुळाची गलाई चालू होती. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्या खानापूर तालुक्यातली आणि शेजारच्या आटपाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीची गलाई करायला देशभर पांगली आहेत. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप, जत्रेला माणसं गावी येणार. गलाई म्हणजे जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यातली भेसळ तेजाबात विरघळवून काढायची आणि तळाशी राहिलेलं शुद्ध सोनं पुन्हा आटवायचं. दागिना कितीही सुंदर असो, त्यात सोनं किती हे गलाईनंतरच कळतं. म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी सर्पगंधेच्या मुळाचं तेच केलं आणि १९५२ मध्ये तळाशी जे पांढरट स्फटिक उरले त्याला नाव दिलं रिसर्पिन. जे काम करायला मूळ ग्रॅममध्ये लागायचं, ते रिसर्पिन मिलिग्रॅमच्या एका छोट्या हिश्श्यात करत होतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी हे औषध मनोरुग्णांना दिलं आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी वर्षभर अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांवरच्या देशी औषधांबद्दल बडोद्याच्या परिषदेत निबंध वाचला होता. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे वकीलही होते. पुढच्या वर्षी वकील यांना पद्मभूषण मिळालं.

लॉग नसेल तर डीबग काय करणार?

औषध चालतंय हे कळलं. का चालतंय हे कळायला वेगळी माणसं आणि वेगळं यंत्र लागलं.

सेरोटोनिन हे रसायन १९४८ मध्ये रक्तातून वेगळं काढलं गेलं होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं म्हणून लोक त्याच्या मागे होते. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग आणि अर्व्हाइन पेज यांनी दाखवलं, की ते मेंदूतही असतं. तिथे काय करतं, हा प्रश्न उघडाच होता. अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोअर यांनी सशांना रिसर्पिन दिलं आणि मेंदूतलं सेरोटोनिन मोजलं. ते जवळजवळ रिकामं झालं होतं. हा निबंध १९५५ चा. वागणं बदलवणारं औषध आणि मेंदूतलं एखादं रसायन यांची इतकी थेट गाठ त्याआधी क्वचितच पडली होती.

मोजणं शक्य झालं ते त्याच संस्थेतल्या रॉबर्ट बोमन यांनी बनवलेल्या यंत्रामुळे. रेणूवर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकायचा आणि तो कोणत्या रंगात किती चमकतो ते बघायचं. त्या चमकण्यावरून अगदी कणभर रसायनाचाही हिशोब लागायचा. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. प्रोग्रॅम कोसळतो हे तर ग्राहकही सांगतो. आत नेमकं काय घडत होतं हे लॉग सांगतो. बोमनच्या यंत्राने मेंदूला लॉग दिला.

ब्रोडींकडे काही महिने काम करून आर्विड कार्लसन स्वीडनला परतले. त्यांना वाटलं, सेरोटोनिनच कशाला, रिसर्पिन आणखीही काही रिकामं करत असेल. लुंड शहरात त्यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून, गोठल्यासारखे बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, जे शरीरात एका पायरीत डोपामिन बनतं. काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. निबंध १९५७ चा. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं, की डोपामिन नुसता मधला टप्पा नाही, ते मेंदूत स्वतःच्या हक्काने राहतं. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

तात्यांची गोळी

माझे आजोबा, तात्या, तरुणपणी तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होते. हात इतका स्थिर की मुशीतला रस ओतताना थेंब बाहेर जायचा नाही. सत्तरीत त्या हाताचा अंगठा हलायला लागला. आधी सगळे म्हणाले, म्हातारपण. मग म्हणाले, तेजाबाच्या धुराने असेल. एक चुलत आत्या म्हणाली, कुणीतरी केलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. मेंदूतल्या एका छोट्या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी यात हळूहळू मरतात. गोळी सुरू झाली, सिंडोपा.

त्या गोळीच्या वेळा घरात मी सांभाळतो. फोनवर अलार्म आहेत. गोळी लागू पडली की तात्या स्वतः सदऱ्याची बटणं लावतात. तिचा जोर ओसरला की खुर्चीतून उठायलाही त्यांना कुणीतरी लागतं. पत्र्यावर लिहिलेलं असतं: लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. यातलं लेव्होडोपा म्हणजेच कार्लसनच्या सशांना दिलेलं एल-डोपा. डोपामिन थेट का देत नाहीत, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळण आहे. तिच्यातून डोपामिन जात नाही, एल-डोपा जातं. आणि ते वाटेतच डोपामिन होऊन वाया जाऊ नये म्हणून सोबतीला कार्बिडोपा.

ससे गोठून बसले होते ते पार्किन्सनच्या रुग्णासारखेच. व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकीविच यांनी तो धागा पकडला. १९६० मध्ये त्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच फार कमी असल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि बिर्कमायर यांनी रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडाने, वाढत्या मात्रेत देऊन रोजच्या वापराचं केलं.

इथे पुन्हा आपल्या रानातली एक वनस्पती येते. खाजकुइली. शेंगेची कुसं अंगाला लागली की काय होतं हे गावाकडच्या पोराला सांगावं लागत नाही. तिच्या बियांत एल-डोपा असतं, हे मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच शोधलं होतं. तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच माहीत नव्हता. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर याच बियांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (म्हणून कुणी घरी बियांचं चूर्ण करू नका. मात्रा चुकली तर हेच रसायन त्रास देतं.)

केंब्रिजचं टेबल

आता मला जे सगळ्यात जास्त खुणावतं तिकडे येतो. मूळ आपलं, बिया आपल्या, पहिली मोठी चाचणी आपली. मग 'का' हा प्रश्न मुंबईत का सुटला नाही?

याचं उत्तर शोधताना मी पोहोचलो कमला सोहोनी यांच्यापाशी. माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९७५ मध्ये विट्यापासून तासाभरावरच्या कराडला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, त्या दुर्गाबाई. ताठ कणा दोघींना सारखाच मिळाला असावा. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. करून १९३३ मध्ये तिथेच अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, त्यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: वर्षभर तात्पुरता, काम पसंत पडलं तरच ग्राह्य, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली.

पुढे केंब्रिज. नोबेलविजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा जीवरसायनशास्त्र विभाग. तिथे त्यांना पहिले मार्गदर्शक मिळाले डेरेक रिक्टर. हे नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. कारण १९३७ साली केंब्रिजमध्ये ब्लाश्को, रिक्टर आणि श्लॉसमन यांनी अॅड्रेनलिन आणि त्याच्या भाऊबंदांना तोडणाऱ्या विकरावर महत्त्वाचा निबंध छापला होता. त्या विकराला पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणू लागले. डोपामिन आणि सेरोटोनिनला तोडणारं विकरही हेच. रिसर्पिन सशाच्या मेंदूत काय करतं, तर पेशीतल्या ज्या चिमुकल्या पिशव्यांत ही रसायनं साठवलेली असतात तिथे त्यांना शिरू देत नाही. बाहेर सांडलेल्या रसायनाचा फडशा हे विकर पाडतं. आणि १९५२ मध्ये क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्ण अचानक उत्साही झाले, त्याचं कारण ते औषध याच विकराला थोपवत होतं. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी ते एक. रिक्टर स्वतः पुढे मेंदूच्या रसायनशास्त्राचे अध्वर्यू झाले आणि १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी निधी उभा केला. वकील यांचा निबंधही त्याच वर्षीचा.

पण रिक्टर केंब्रिजमधून गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. बटाट्यावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतलं प्रथिन असतं. प्राण्याची पेशी आणि झाडाची पेशी ऊर्जा मिळवताना तोच मार्ग चालतात. अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी.

तिकडे राहता आलं असतं, पण त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि लग्नानंतर मुंबई. तिथल्या विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी नीरा, डाळी, कडधान्यं, तांदळाचं पीठ यांवर काम केलं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कच्च्या कडधान्यांत पचनाच्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी द्रव्यं असतात आणि शिजवल्यावर ती बरीचशी निकामी होतात. हुलगे, मटकी शिजवल्याशिवाय का पचत नाहीत, याचं हे रासायनिक उत्तर. अशी देशी अन्नातली द्रव्यं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेक करून तपासली. संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना चार वर्षं रखडून मिळालं.

माझ्या मते, वरच्या प्रश्नाचं उत्तर या यादीत आहे. बंगालचा दुष्काळ १९४३ चा. नव्या देशापुढे पहिला प्रश्न होता, पोरांना काय खायला घालायचं. परळच्या डॉक्टरकडे रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, फोर्टमधल्या प्राध्यापिकेकडे विकरांचं शिक्षण होतं, आणि बोमनचं यंत्र बेथेस्डात होतं. बुद्धी कमी नव्हती. एका छपराखाली आलेली साधनं कमी होती, आणि ज्यांना ती वापरायला शिकवायचं ती पिढी नुकती वर्गात येऊन बसत होती. म्हणूनच मला शिकवण्याचं मोल शोधाइतकंच वाटतं. टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. दोन्ही आपल्या जेवणातल्या प्रथिनांतून येणारी अमिनो आम्लं. आज हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री घेतलेल्या मुलीला नेहमीच्या अभ्यासक्रमात मिळतं. फळ्यावर ते कुणीतरी पहिल्यांदा लिहावं लागतं.

लोचा नेमका कुठे आहे

ही गोष्ट इथे संपवली तर ती फारच गोड होईल. रिसर्पिनची एक कडू बाजूही आहे. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी पन्नाशीच्या दशकात येऊ लागल्या. त्यावरून सोपं गणित मांडलं गेलं: रिसर्पिनने ही रसायनं कमी होतात, माणूस खिन्न होतो, म्हणजे नैराश्य म्हणजे रसायनाची कमतरता. पण १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना रिसर्पिन दिलं होतं आणि त्यांना बरं वाटल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. तो निबंध मागे पडला, गणित पुढे गेलं. जाहिरातीत ते छान बसत होतं. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आजवरचे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की नैराश्य सेरोटोनिन कमी झाल्याने होतं याला सुसंगत पुरावा नाही.

याचा अर्थ औषधं फोल आहेत असा नाही. औषध काही तासांत मेंदूतल्या रसायनाची पातळी बदलतं, पण मन सावरायला काही आठवडे लागतात. त्या मधल्या काळात पेशी स्वतःला बदलत असतात. पुण्यात माझ्यासोबत काम करणारा एक मित्र या गोळ्या घेतो. एकदा तो म्हणाला, 'माझ्यात केमिकल कमी आहे, म्हणजे मी डिफेक्टिव्ह पीसच ना?' त्याला गोळ्या बंद करायच्या होत्या, कारण त्या घेणं म्हणजे कायमचं बिघडलेलं असल्याची कबुली. मी त्याला हाच सगळा इतिहास सांगितला. तात्यांच्या मेंदूत डोपामिन कमी आहे हे मोजलेलं सत्य आहे. तुझ्या मेंदूत सेरोटोनिन कमी आहे असं कुणी मोजलेलं नाही. गोळी उपयोगी पडते एवढ्यावरून तू रिकामी बाटली ठरत नाहीस. बंद करायची का, हे डॉक्टरांशी बोल. तो डॉक्टरांकडे गेला. गोळ्या अजून चालू आहेत, तो शब्द मात्र त्याने सोडला.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा भावना आणि ताण यांच्या मुळाशी असलेल्या मेंदूतल्या घडामोडींवर काम करते. त्यांनी आणि उल्हास कोल्थुर-सीताराम यांच्या गटाने मिळून २०१९ मध्ये दाखवलं, की सेरोटोनिन मेंदूच्या पेशींना नवी मायटोकाँड्रिया, म्हणजे नवी ऊर्जाकेंद्रं, बनवायला सांगतं. कमलाबाईंनी बटाट्यात शोधलेलं सायटोक्रोम सी याच मायटोकाँड्रियात असतं. रिक्टरच्या टेबलापासून दूर गेलेली वाट ऐंशी वर्षांनी मुंबईतच, फोर्टपासून चार-पाच किलोमीटरवर, पुन्हा त्याच विषयाला येऊन मिळाली.

कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या. सर्पगंधा आता जंगलात दुर्मीळ झाली आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. रिसर्पिन फार कमी डॉक्टर लिहून देतात. पण त्याने विचारायला शिकवलेला प्रश्न शिल्लक आहे. पुढच्या वेळी कुणी 'डोपामिन वाढवायचे पाच उपाय' पाठवले, तर एवढंच विचारा: मोजलं कुणी, आणि कशाने?